एलएनजी टर्मिनलच्या धोका-अभ्यासासाठी सॉफ्टवेअर कशावरून निवडावं?

निळी_ज्योत:
नमस्कार मंडळी. आमच्या टीमकडे एका एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) टर्मिनलचं क्यूआरए, म्हणजे धोक्याचं आकड्यांतलं मूल्यमापन, आलंय. टाक्या, अनलोडिंग लाइन, व्हेपोरायझर (द्रवाचा पुन्हा वायू करणारं यंत्र), ट्रक भरायची जागा, सगळं त्यात आहे. आजवर आम्ही एलपीजी आणि क्लोरिनची कामं अलोहा आणि फास्ट या गळतीचे परिणाम काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर उरकली. आता वरून फर्मान आलंय की एकच पॅकेज घ्या आणि सगळं त्यातच बसवा. डेमोत प्रत्येक व्हेंडरचा वायूचा ढग देखणाच दिसतो. फास्ट पुरेल की फ्लॅक्स (सीएफडी, म्हणजे अडथळ्यांसकट वायूचा प्रवाह सोडवणारं सॉफ्टवेअर) घ्यावंच लागेल? आणि एफडीएस (आगीचं सीएफडी) फुकट आहे, ते चालेल का?

दाट_ढग:
अलोहा आधी बाजूला ठेवा. आणीबाणीत झटपट अंदाज घ्यायला ते उत्तम, पण ढगाच्या वाटेतला डाइक (टाकीभोवतीचा बांध), टाकी, उंचसखल जमीन यातला कुठलाच अडथळा त्याला दिसत नाही.

आता मुद्द्याचं. एलएनजी उणे 162 अंशांच्या आसपास उकळतो आणि त्या थंडीत त्याची वाफ हवेच्या दीडपट जड असते. उणे 110 पेक्षा गरम झाला की शुद्ध मिथेन (एलएनजीचा मुख्य घटक) हवेपेक्षा हलका होतो हे खरं, पण ढगात थंड हवा मिसळलेली असते, त्यामुळे तो जमिनीलगत रेंगाळत लांब जातो. म्हणजे जड वायूचं गणित नीट करणारं मॉडेल हवं, साधं गाउसियन (वायू हवेइतकाच जड धरणारं मॉडेल) इथे कामाचं नाही.

ते नीट करतं की नाही, हे पडताळायची पद्धत तयार आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी लॅबोरेटरीने 2007 मध्ये एलएनजी डिस्पर्शनसाठी (वाफ हवेत पसरण्यासाठी) मॉडेल मूल्यमापनाचा प्रोटोकॉल बनवला. आधी मॉडेलमागचं शास्त्र तपासायचं, मग कोडमध्ये समीकरणं बरोबर उतरलीत का ते, आणि शेवटी प्रत्यक्ष चाचण्यांशी ताळा. चाचण्या म्हणजे मॅप्लिन सँड्स आणि बरो (दोन्ही 1980), कोयोट (1981), फाल्कन (1987) आणि काही विंड टनेलचे प्रयोग. व्हेंडरकडे या प्रत्येकाचा आलेख मागा. 'आमचं टूल जगभर वापरतात' हे उत्तर नव्हे.

अपेक्षाही बेताची ठेवा. निम्मे बिंदू जरी मोजलेल्या आकड्याच्या निम्मे ते दुप्पट या पट्ट्यात आले, तरी या क्षेत्रात मॉडेल चांगलं म्हणतात. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असताना पेटतो, तरी अमेरिकी नियमांत ढगाची हद्द 2.5 टक्क्यांवर आखतात ती उगाच नाही.

निळी_ज्योत:
म्हणजे मान्यताप्राप्त टूल घेतलं की सुटलो?

दाट_ढग:
नाही ना. मान्यता व्हर्जनला असते. अमेरिकेत 2011 मध्ये मंजूर झालं ते फास्टचं 6.6 आणि 6.7, आणि फ्लॅक्सचं 9.1 रिलीज 2. तुमच्या हातातलं व्हर्जन नवं असेल तर मधल्या काळात काय बदललं ते विचारा.

फास्ट की फ्लॅक्स हे साइट ठरवते. मोकळं मैदान आणि शेकडो सिनॅरिओ असतील तर फास्ट. वाफ अडवायची कुंपणं, टाक्यांमधल्या बोळी, पाइपरॅक असतील तर सीएफडी. फाल्कनमध्ये गळतीभोवती मुद्दाम कुंपण घातलं होतं. फास्टसारख्या इंटिग्रल मॉडेलला (जे अख्ख्या ढगाचं सोपं, सपाट जमिनीवरचं गणित करतं) असं कुंपण मांडताच येत नाही.

सम्प_आणि_चर:
सगळे डिस्पर्शनवर भांडतात आणि सोर्स टर्म, म्हणजे किती वायू कसा बाहेर पडतो ते, डिफॉल्टवर सोडतात. खरा घोळ तिथे असतो. दाबाखालच्या लाइनला भोक पडलं तर किती द्रव थेंबांच्या रूपात हवेतच उडून जाईल आणि किती खाली पडून तळं होईल? एकाच भोकासाठी रेनआउट (खाली पडणारा द्रवाचा वाटा) एकदा शून्य आणि एकदा पूर्ण धरून रन मारा, मग दोन ढगांची लांबी शेजारी ठेवून बघा. तळं काँक्रीटच्या चरात असेल तर सुरुवातीला वाफ धो-धो निघते आणि जमीन गार होत गेली की ओसरते. पाण्यावर तसं होत नाही, खालून कोमट पाणी येतच राहतं. हा फरक टूलमध्ये कुठे आणि कसा टाकायचा, तो डेमोत व्हेंडरच्याच माणसाला करून दाखवायला सांगा. तिथे अडखळला की समजून जा.

पूलफायर:
आगीचा विषय राहिलाच. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने पाण्यावर एलएनजी ओतून मोठ्या आगी लावल्या होत्या. सर्वांत मोठ्या चाचणीत तळं सुमारे 83 मीटर पसरलं, पण ज्वाला साधारण 56 मीटरवरच राहिली. बहुतेक सोपी मॉडेलं दोन्हींचा व्यास एकच धरतात. शिवाय एवढ्या मोठ्या आगीत धूर होऊन उष्णता झाकली जाईल असा समज होता, तसा धूर दिसला नाही. तेव्हा धुराची सवलत घेणारं मॉडेल असेल तर 5 किलोवॅट प्रति चौरस मीटरचं (इतकी उष्णता पोचते त्या हद्दीचं) वर्तुळ खुशाल लहान येईल, क्लायंटही खूश होईल, पण मी सही करणार नाही.

एफडीएसबद्दल: आगीला छान, पण त्याचं गणित कमी वेगाच्या प्रवाहाचं आहे. स्फोटाचा दाब त्यातून काढू नका.

निळी_ज्योत:
स्फोट किती गंभीरपणे घ्यायचा? आयात टर्मिनल आहे, लिक्विफॅक्शन (वायू थंड करून द्रव करणं) नाही.

दाट_ढग:
मोकळ्यावर मिथेनचा ढग सहसा नुसता भडकून जातो. अडचणीच्या जागी, पाइपांच्या गर्दीत किंवा बंद शेडमध्ये शिरला तर मात्र दाब वाढतो. तेवढ्या जागा वेगळ्या काढून मल्टी-एनर्जीने (स्फोटाचा दाब काढायची सोपी पद्धत) बघा, शंका आली तर सीएफडी. प्रोपेन किंवा इथिलीनचं रेफ्रिजरंट असतं तर हा विषय पहिल्या पानावर घ्या म्हटलं असतं.

सम्प_आणि_चर:
आणि वाऱ्याचं बघा. 2 मीटर प्रति सेकंद, एफ स्थिरता (शांत रात्रीची, ढग पसरू न देणारी हवा) ही नेहमीची जोडी इंटिग्रल मॉडेलला ठीक आहे. कुंपण असलं की सर्वांत वाईट वारा तोच असेल असं नाही, चार-पाच वेग आणि दिशा चालवाव्याच लागतात. सीएफडीचे तास आणि लायसन्सचा कालावधी त्या हिशोबाने मागा.

निळी_ज्योत:
मग वर असं कळवतो: रोजच्या कामाला फास्ट, आणि टाक्यांजवळच्या मोजक्या सिनॅरिओंपुरतं सीएफडी भाड्याने. 'एकच पॅकेज' वाल्यांना रेनआउटचे दोन रन शेजारी-शेजारी दाखवतो. मॅप्लिन आणि फाल्कनचे आलेख दोन्ही व्हेंडरांकडे आजच मागितलेत, आले की इथे टाकतो.