मलिक अंबर स्वतःच निजामशहा का झाला नाही?

कडेपठार: खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी ही गर्दी! मलिक अंबरच्या घुमटापाशी मात्र चिटपाखरू नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. पंचवीसेक वर्षं निजामशाही यानंच चालवली. फौज याची, शब्द याचा. मग गादीवर स्वतः का नाही बसला?

वाटसरू: हबशी गुलाम होता म्हणून. विषय संपला.

नहरवाली: विषय एवढ्यात संपत नाही हो. इथिओपियातून विकत-विकत आलेल्या या पोराला दख्खनेत विकत घेतलं चंगीझखानानं. तो निजामशाहीचा पेशवा, आणि मूळचा हबशी गुलामच! म्हणजे गुलाम पेशवा होऊ शकत होता. गादीला मात्र घराण्याचं रक्त लागायचं. १६०० मध्ये अकबराच्या फौजेनं नगरचा किल्ला घेतला. पांगलेले दख्खनी, हबशी, मराठे सरदार परत एकत्र आणायचे, तर निजामशहाचंच नाव हवं. म्हणून अंबरनं त्याच घराण्यातल्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी देऊन त्याला जावईच करून घेतलं.

पुढचं ऐका. १६१७ मध्ये अंबरला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की मुर्तझाच्या इराणी बेगमेनं भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, बापालाही सोडलं नाही. अंबरनं मुर्तझा आणि ती बेगम, दोघांनाही विष द्यायला लावलं! हे १६१० चं. लगेच दुसरा निजामशहा बसवला. तेव्हाही स्वतः नाही.

त्याच सुमारास त्यानं खडकी वसवली, म्हणजे आमचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं, तीच नहर-ए-अंबरी. आजोळच्या हौदात नहरीचंच पाणी पडायचं, त्यामुळे मी जरा त्याच्या बाजूची आहे, हे धरून चाला.

नगरी_खाक्या: भातवडीची लढाई राहिली की! १६२४. समोर मोगल आणि आदिलशाही, दोन्ही फौजा. यानं तलाव फोडून छावणीत पाणी सोडलं, चिखलात हत्ती-घोडे, तोफा सगळं अडकलं. शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

कडेपठार: मग जहांगीरचं ते चित्र? पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावरच्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय ते?

नहरवाली: मनातले मांडे, दुसरं काय! अंबर १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना आपल्या मरणानं गेला. जहांगीरच्याच पदरच्या मुतमदखानानं लिहिलंय, की लढाईत आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

आणि वाटसरू, अंबरचा मुलगा फत्तेखान तर जन्माचा गुलाम नव्हता ना? त्यानं निजामशहाला मारलं, सगळी सत्ता हातात आली, तरी गादीवर बसवलं ते त्याच घराण्यातल्या एका लहान पोराला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं, तेव्हाही निजामशहा तो पोरगाच होता.