गच्चीची वाढीव वॉरंटी: 12 हजार पाण्यात?

जुळे_सोलापूरकर
घराला 9 वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात पाऊस सलग चार दिवस लागून राहिला तेव्हा वरच्या खोलीच्या छताला ओल धरली, पोपडे निघाले. आता पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतोय. 1200 चौरस फूट, 60 रुपये फुटाने 72 हजार, वर 18 टक्के जीएसटी. 5 वर्षांची वॉरंटी त्यातच आहे. काल ठेकेदार म्हणाला, "सर, 12 हजार जादा द्या, मालाच्या कंपनीची 10 वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी करून देतो." कागद मागवला आणि रात्री चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचला. माझं मत: हे 12 हजार पाण्यात.

दरवर्षी कंपनीच्या माणसाकडून तपासणी, तिचे 1500 मी भरायचे. एक वर्ष चुकलं की वॉरंटी बाद. 10 वर्षांचे झाले 15 हजार. भरपाई फक्त मालाची, मजुरी माझी. तीही दर वर्षाला 10 टक्क्यांनी घटत जाणार. माल 30 हजारांचा धरला आणि आठव्या वर्षी गळालं, तर हातात 9 हजार. म्हणजे 10 वर्षांत 27 हजार घालून 9 हजार मिळवायचे, तेही त्यांनी मान्य केलं तर! पीओपी, रंग, कपाट, गादी यांचं नुकसान कलमातच वगळलंय. कुणाचं वेगळं मत असेल तर हिशोबासकट मांडा.

होटगी_रोड
तुमचा हिशोब बरोबर, पण अर्धाच. माझ्याकडे ठेकेदाराची 7 वर्षांची गॅरंटी होती. लेटरहेड, सही, शिक्का, सगळं. तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागलं. फोन केला तर नंबर बंद, आणि त्याच्या गाळ्यात मोबाइल कव्हरचं दुकान. पुन्हा सगळं नव्याने केलं. मालाची कंपनी मात्र तिथेच आहे, रोज टीव्हीवर जाहिरात करते. कागद तिचा असता तर निदान ठोठावायला दार तरी असतं. 12 हजार त्या दाराचे आहेत.

जुळे_सोलापूरकर
दार आहे हो. आतून कडी आहे.

पेठेतली_सून
आमचं साखर पेठेतलं घर. जुनं माळवद (लाकूड-मातीचं छत) उतरवून स्लॅब टाकलेला. 10 वर्षांच्या वॉरंटीचं काम करून घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. सरकारी योजनेत 78 हजार अनुदान मिळालं, घरात पेढे वाटले. सोलरवाल्यांनी स्टँडच्या पायांना सोळा भोकं पाडली. पाऊस आल्यावर बरोब्बर त्या पायांखालून पाझर. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, "मॅडम, तुम्ही ड्रिल मारलं, वॉरंटी संपली." सोलरवाला म्हणतो, "गळती आमच्यात येत नाही." दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे खरे, आणि मी बादली घेऊन मधे.

तरी मी वॉरंटीच्या बाजूनेच आहे. कागदात लिहिलेलंच होतं, आम्हीच वाचलं नाही. सोलर, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायचे खांब, जे काही ठोकायचं ते आधी ठोका, मग कोटिंग. किंवा पॅनेल काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवून घ्या. आम्ही केलं ते वरातीमागून घोडं.

निवृत्त_ओव्हरसिअर
बांधकामात 34 वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गच्ची गळते कशामुळे आणि वॉरंटी कशाची, हे दोन कागद शेजारी ठेवून बघा.

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही. स्लॅब दिवसभर प्रसरण पावतो, त्यात संध्याकाळी वळवाची सर आली की एकदम आकसतो. रोजच्या या ताणाताणीत बारीक तडे जातात. दुसरं, आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तेवढा खोल नसेल तर भिंती हलतात आणि स्लॅब व कठड्याच्या सांध्यात चीर पडते. तिथला वाटा (सांध्यावरची सिमेंटची गोलाई) उखडला की पाणी थेट भिंतीत. तिसरं म्हणजे ढाळ, गच्चीचा उतार. 100 ला 1 तरी हवा. नसेल तर गच्चीवर डबकं साचतं.

आता कागद वाचा. "स्लॅबच्या रचनेतील हालचालीमुळे पडलेले तडे वगळून." "पाणी साचल्यामुळे झालेली हानी वगळून." मग उरलं काय? कोटिंग आपण होऊन सोललं तर. ते सोलायचं असेल तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच सोलतं, कारण खालचा थर ओला असताना किंवा धूळ न झाडता लावलेलं असतं. त्याला 5 वर्षांची फुकटातली वॉरंटी पुरते. वाढीव 5 वर्षं विकत घेणं म्हणजे ज्या दुखण्याची शक्यता कमी त्याचंच औषध घेणं.

आमच्या काळी विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे). कागद नाही, 20-20 वर्षं बघायचं काम नाही.

बाळे_नाका
काका, मान ठेवून बोलतो, मी हेच काम करायलोय. कोब्याचं वजन बघा की. सरासरी 4 इंच धरला तरी चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो बसतंय. 9 वर्षांच्या घराच्या स्लॅबवर ते नव्याने टाकायचं म्हटल्यावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि कोबा फुटला की पाणी आतल्या आत लांब फिरतंय. शिरतंय एकीकडून, गळतंय दुसरीकडं. शोधायचं कुठं?

खरी मेख दुसरीच हाय, ती आमच्या धंद्यातली म्हणून सांगतो. वाढीव वॉरंटी कंपनी देते ती तिच्या अधिकृत माणसानं काम केलं तरच. तिला कामाचे फोटो, डब्यावरचे बॅच नंबर, किती लिटर माल लागला हे सगळं कळवावं लागतंय. लई ठेकेदार काय करतेत, 12 हजार खिशात, आणि कॉम्प्युटरवर छापलेला रंगीत कागद तुमच्या हातात. कंपनीला पत्ताच नसतोय. म्हणून नोंदणी क्रमांक घ्या, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः फोन लावा, तिथं तुमच्या नावानं निघाला तरच पैसे द्या.

तपासणीला नावं ठेवू नका. 1500 त पाणी जायची जाळी साफ होते, कठड्यात उगवलेलं पिंपळाचं रोप निघतं, केसाएवढी चीर मे मध्येच भरली जाते.

निवृत्त_ओव्हरसिअर
जाळीतला कचरा काढायला कंपनीचा माणूस? घरातली पोरं गच्चीवर चढत नाहीत का?

बाळे_नाका
चढतेत की. रील काढायला.

वकीलसाहेब
कायद्याचं थोडक्यात. वॉरंटीच्या कागदाखाली बारीक अक्षरात "वाद पुणे किंवा मुंबई न्यायक्षेत्रात" असं असलं तरी घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे कामाला तुम्ही दिलेले पैसे, 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षं. लोक "येतो, बघतो" ऐकत दोन पावसाळे काढतात आणि मग माझ्याकडे येतात. गळती दिसली की त्याच दिवशी लेखी कळवा, फोटो जोडा. तोंडी बोलणं आयोगापुढे सिद्ध करायचं कसं?

आणि बिल. जीएसटी वाचवायला कच्च्या पावतीवर काम करून घेणाऱ्यांनी वॉरंटीवर चर्चाच करू नये.

शेळगी_फ्लॅट
आमचा तिसरा मजला, वरचाच. ताबा मिळून 3 वर्षं झाली, बेडरूम गळतोय. बिल्डर म्हणतो वॉटरप्रूफिंगची वॉरंटी कंपनीची, त्यांच्याकडे जा. सोसायटी म्हणते वर्गणी काढू. मी वाढीव वॉरंटी माझ्या नावावर घेऊ का?

वकीलसाहेब
अजिबात नाही. गच्ची सामायिक, त्यामुळे वॉरंटी घ्यायचीच तर सोसायटीच्या नावावर. पण तुम्हाला विकत घ्यायची गरजच काय? रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत कामातला दोष निघाला तर बिल्डरने कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. कंपनीकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. आजच पत्र द्या. जुळे_सोलापूरकरांनी स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधलंय, त्यांना हे लागू नाही.

होटगी_रोड
एक राहिलं. घर विकलं तर? माझ्या मेव्हण्याने वॉरंटी असलेलं घर घेतलं. कागदात होतं, मालकी बदलल्यावर 30 दिवसांत कंपनीला कळवायचं. याने सहा महिन्यांनी कळवलं. बाद! मी वाढीव वॉरंटीच्या बाजूचा, पण हे कलम मलाही चीड आणतं.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचं वाचलं. मत पूर्ण बदललेलं नाही, पण बाळे_नाका यांचं म्हणणं डोक्यात बसलं. ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर विचारलं: नोंदणी क्रमांक कधी मिळणार, ढाळ तुम्ही दुरुस्त करणार का, पाणी साचण्याचं कलम काढणार का, आणि शेवटचं बिल पाणी-चाचणीनंतर दिलं तर चालेल का. चाचणी म्हणजे गच्चीवर 2 इंच पाणी 48 तास तुंबवायचं. साडेपाच हजार लिटरच्या वर लागतं. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा टँकरच मागवावा लागणार. त्याचे पैसे मी देतो म्हटलं.

दोन निळ्या खुणा सकाळीच आल्या. आत्ता उत्तर आलं: "सर, समक्ष बोलू."

पेठेतली_सून
समक्ष बोला, पण त्याच्यासमोर बसूनच लिहून घ्या.