मासे पाळलेत? मग नवलाई संपल्यानंतरचं सांगा

टाकी घरी आली त्या दिवसाचे फोटो सगळ्यांकडे असतात. मुलाचा वाढदिवस, नवीन फ्लॅट, नाहीतर कुणीतरी वास्तूत मासे शुभ असतात म्हणून सांगितलेलं. ते इथे नकोत. उत्साह ओसरल्यावर पाणी कोण बदलतं, गावाला जाताना काय करता, मासा टाकीत मावेनासा झाल्यावर कुठे गेला, ते लिहा. दुकानांची नावं घेऊन भांडू नका.

सुरुवात माझ्यापासून. लेक पहिलीत असताना बोटाएवढा गोल्डफिश आणला. ती आता बंगळूरला इंजिनिअरिंग करतेय आणि मासा माझ्याकडे आहे, तळहाताहून लांब. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, हे घेताना कुणी बोललं नव्हतं. दर रविवारी बादली, सायफनची नळी आणि मी. खडीत नळी खुपसली की आठवड्याची घाण ढगासारखी वर येते, आणि हा पठ्ठ्या नळीच्या तोंडाशी येऊन बघत बसतो. लेकीचा फोन आला की आधी त्याची चौकशी, मग माझी. तक्रार नाही, पण 'मुलांना जबाबदारी कळावी म्हणून' मासे घेणाऱ्या आईबापांनी ती नक्की कोणाला कळणार याचा अंदाज घ्यावा.

सिंहगड रोड
ताई, आमच्याकडे खरी कसरत पाण्याची. सोसायटीत कॉर्पोरेशनचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, तिन्ही एकाच टाकीत. धरणाचं पाणी मऊ, बोअरचं जड. बरेच मासे दोन्हींत जगतात, पण आज हे उद्या ते असं केलं की कोलमडतात. म्हणून एका वेळी पाव टाकीच बदलते. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी येणारं पाणी माशांना द्यायचं नाही, हा घरचा नियम. कधी गढूळ असतं, कधी क्लोरीनचा भपकारा येतो. एरवीही पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवते, घाई असेल तर अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध.

आणखी एक, आपल्या लखलखीतपणाच्या हौसेबद्दल. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुवायचा नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजमध्ये राहतात, आणि क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळायचा. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार-सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी नि संध्याकाळी वीस मासे आणणाऱ्यांचे मासे का टिकत नाहीत, ते यातच आलं.

सदाशिव पेठ
एक फायटर मासा. वीस लिटरची टाकी, झाकणासह, कारण तो उडी मारतो. बाउलमध्ये ठेवू नये. पृष्ठभागावर येऊन हवा घेतो म्हणजे त्याला घाण पाणी चालतं असं नव्हे. कुणाला मासे भेट द्यायचे असल्यास आधी विचारावे. आम्हाला कुणी विचारले नव्हते.

वाकड
भाड्याच्या घरात मोठी टाकी ठेवणाऱ्यांसाठी. माझी चार फूट बाय दीड बाय दीड. पाणीच अडीचशे लिटर, काच-खडी-स्टँड धरून तीनशे किलोच्या वर. घरमालक बघायला आले आणि टाकीऐवजी फरशीकडेच बघत राहिले. आत दोन ऑस्कर. दुकानात दोन इंचांचे असतात, वर्षभरात फुटाच्या आसपास जातात. घर बदलताना मासे थर्माकोलच्या खोक्यात, बॅटरीवरचा एअर पंप लावून, आणि फिल्टरमधलं सामान टाकीच्याच पाण्यात ओलं. पुढे परदेशात बदली ठरली तेव्हा खरा प्रश्न आला. दुकानदार घ्यायला तयार होता, पण ठेवणार होता दोन फुटी टाकीत. शेवटी चिंचवडचे एक सहा फुटी टाकीवाले काका मिळाले. त्यांनी माझीच मुलाखत घेतली: काय खातात, भांडतात का, आजारी होते का. तेव्हाच ठरवलं, मासे यांनाच द्यायचे.

हडपसर
'काच साफ ठेवतो' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा. तो दीड फुटापर्यंत वाढतो, आणि मग लोक सल्ला देतात, नदीत सोडा, पुण्य लागेल. माझं आजोळ इंदापूरकडे. मामेभाऊ उजनीत मासेमारी करतो. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून तिथेच जातं. त्याच्या जाळ्यात सकर अडकलेला पाहिलाय. अंगावर हाडासारखे कडक पत्रे, पंखाचे काटे जाळ्यात रुतलेले. ओढून निघत नाही, जाळं कापावं लागतं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. भाऊ म्हणाला, "तुमच्या शहरातली शोभा आमच्या पदरात." काठाच्या मातीत बिळं करतात ते वेगळंच.

कर्वेनगर
पण गप्पी तर महापालिकाच सोडते ना, डासांसाठी?

हडपसर
सोडते. गप्पीही दक्षिण अमेरिकेकडचाच, आणि त्यावरही आक्षेप आहेत. पण आरोग्य खातं डासांच्या अळ्यांसाठी सोडतं आणि आपण घरातली अडचण म्हणून सोडतो, यात फरक आहे. गप्पी जास्त झाले असतील तर नर-मादी वेगळे ठेवा. मात्र मादी एकदा फळली की नर नसतानाही काही महिने पिल्लं देत राहते, तेव्हा धीर धरा.

कोथरूड
सुट्टीबद्दल. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकू राहू देत नाहीत. चमचा दाखवून गेलो, तरी त्यांनी मायेने मूठभर ओतलं, पाणी ताकासारखं. आता दिवसाआडच्या पुड्या बांधून देतो आणि डबा कपाटात कुलूपबंद. वळवाच्या पावसात लाईट गेली की बॅटरीचा पंप लगेच लावायचा, कारण हवा बंद झाली की काही तासांत फिल्टरमधले जिवाणूही मरायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटर हवाच. गोल्डफिशवाल्या ताईंना मात्र ही सूट आहे.

धानोरी
आजोबा गेले, त्यांचे तीन एंजल राहिले. रोज सकाळी चहाआधी त्यांना खायला घालायचे. आजीला बादल्या उचलवत नाहीत, मी हॉस्टेलला, बाबांची फिरती नोकरी. एंजल आठ-दहा वर्षं जगतात, यांची निम्मीसुद्धा झालेली नाहीत. म्हणून तिघे द्यायचेत, पैसे नकोत. टाकी निदान दीड फूट उंच हवी, कारण हे मासे लांबीपेक्षा उंचीला वाढतात. सोबत वाढलेत, तिघांना एकत्रच न्यावं लागेल. आणि चालू असलेल्या टाकीचा फोटो आधी दाखवा. 'घेणार आहे'वाल्यांनी घेतल्यावर विचारा.