आठ नंबरचा एकच जोड, दोनदा विकला!

कापशीवाला: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान. वेबसाइट आहे, शिवाय एका मोठ्या ऑनलाइन बाजारातही माल लावतो. स्टॉक मात्र बाबांच्या वहीत. परवा कापशी प्रकारच्या चपलेचा आठ नंबरचा शेवटचा जोड दुकानातून गेला आणि तासाभरात तोच वेबसाइटवर विकला. कारागीर म्हणतो, "आठ दिवस थांबा, पावसाळ्यात कातडं वाळत नाही." ऑर्डर रद्द, वर शिव्या. दुसरं दुखणं कुरियरचं. जोड ७०० ग्रॅमचा, बिल २ किलोचं! काय चुकतंय?

चादरवाला: सॉफ्टवेअर नंतर. आधी प्रत्येक प्रकार, नंबर, रंगाला एक कोड द्या आणि सगळीकडे तोच वापरा. आमच्याकडे एकाच चादरीची तीन नावं होती, संगणक तरी काय जुळवणार? मुख्य म्हणजे काउंटरवरची विक्रीही बारकोड मारूनच झाली पाहिजे, नाहीतर वेबसाइटला कळणार कसं? तोवर शेवटचा जोड ऑनलाइन दाखवूच नका.

हब_माजी: खोक्याचं माप काय?

कापशीवाला: ३२ × २२ × १२ सेंमी.

हब_माजी: मग बरोबर. कुरियरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात आणि जे जास्त, त्याचं बिल लावतात. मापांचा गुणाकार ८४४८, भागिले ५००० म्हणजे १.६९ किलो. अर्ध्या किलोचे टप्पे असले की बिल २ चंच येणार. तुम्ही हवेचं भाडं भरताय राव. तळव्याला तळवा लावून २८ × १२ × १० मध्ये बसवा, १ किलोत काम होईल. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर माल निघण्याआधी फोन करा. परत आलेल्या पार्सलचं भाडं जाता-येता दोन्हीकडून तुमच्याच बोकांडी. आणि पिनकोड गावाशी जुळतो का, हे वेबसाइटलाच तपासू द्या. टपाल खात्याच्या श्रीराम वेलणकरांनी १९७२ साली पिनकोड आणताना पहिल्या तीन आकड्यांतच जिल्ह्याची वाट बांधून दिलीय. इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकाने ४१६ चं ४६१ केलं, पुडकं निघालं इटारसीकडे.

कापशीवाला: खोकी बदलली, या खेपेला बिल १ किलोचंच आलं. आभार! बारकोडही सुरू केलाय. बाबा म्हणाले, "मारा काय ते, पण वही राहू दे." कालपासून दोन्हीत तीन जोडांचा फरक येतोय. मांडणीवरचे जोड मोजले, तर वही बरोबर निघाली.

चादरवाला: पोरं घाईत बारकोड न मारताच जोड देत असतील. बघा जरा.