मदत हवी आहे: रेल्वेच्या दिव्यांग सवलतीचा दाखला अडलाय (बडोदा)

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारातले. आत्या ५७ वर्षांची, लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला कॅलिपर आणि हातात कुबडी. अपंगत्वाच्या दाखल्यावर ६०%, यूडीआयडी कार्डही (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आहे. गुजरात एसटीचा मोफत पास तिने स्वतः काढला. तिथे ४०% च्या वर असलं की भागतं. रेल्वेचंही तसंच असेल असं धरून चाललो.

मुंजीला पुण्याला जायचंय. खिडकीवरच्या बाबूने यूडीआयडी उलटसुलट करून पाहिलं आणि परत सरकवलं. "आ नहीं चाले, रेल्वेनो दाखलो लावो."

मग रेल्वेचा छापील नमुना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. आत्याने कुबडी भिंतीला टेकवली आणि दातओठ खात चार पावलं टाकली. तिला वाटलं शाबासकी मिळेल! डॉक्टरांनी 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' या ओळीखाली सही करायला नकार दिला.

ती ओळ नसली तर सवलत मिळतच नाही का? आणि दाखला मिळालाच, तर पुढे कुठे द्यायचा?

प्रतापनगरवाला: नाही मिळत. हाडा-सांध्याच्या अपंगत्वात रेल्वे टक्के बघत नाही, ती ओळ बघते. अंधांना ही अट नाही, ते एकटे गेले तरी सवलत आहे. तुमच्या आत्याला दाखला मिळाला तर स्लीपर, थ्री एसी, चेअर कारला ७५% सूट, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५०%. राजधानी-शताब्दीत थ्री एसी, चेअर कारला फक्त २५%. सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. म्हणजे तुमचंही तिकीट स्वस्त, हे विसरू नका :)
दाखला हातात आला की रेल्वेच्या दिव्यांगजन साइटवर अर्ज करा. फोटो, ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. आपल्याकडे हे काम प्रतापनगरच्या मंडळ कार्यालयाकडे आहे. कार्डाचा नंबर मिळाला की तिकीट घरबसल्या निघतं. माझ्या मेव्हण्याचं तसंच चाललंय.

वाडीतली माई: अहो, डॉक्टरांनी गुळगुळीत फरशीवरची चार पावलं पाहिली. डब्याची पायरी कुठे पाहिली त्यांनी? एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्यात कुबडी, मग पिशवी कुणी घ्यायची? रात्री चालत्या गाडीत संडासाला कोण नेतं? हे सगळं तुम्ही स्वतः सांगा, आत्याला बोलू देऊ नका. माझी आईही असंच "मला काही होत नाही" म्हणायची आणि दोनदा पडली. खोटं काही सांगायचं नाहीये, जे रोज घडतं तेच सांगायचंय.

धागाकर्ता: दोघांचे आभार. माई, मागच्या दिवाळीत आत्या सुरतला उतरताना माझ्या अंगावरच कोसळली होती, ते मी डॉक्टरांना सांगितलंच नाही! सोमवारी परत जातोय. कुबडी सोडायची नाही असं तिला बजावलंय, तर म्हणते, "मग मी काय नाटक करू तिथे?" सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये.