भेंड्यांमध्ये 'वई' चालते, मग 'णत्व' का नको?

मे महिन्यात गुहागरच्या घरी सगळे जमलो होतो. रात्री लाइट गेली आणि पडवीत शब्दांच्या भेंड्या सुरू झाल्या. कुणीतरी 'गाव' म्हटलं, पाळी मोठ्या काकूची होती, तिने पटकन सांगितलं, "वई." पुण्याहून आलेली दोन्ही नातवंडं एकदम ओरडली, "आजी, वही! वई असा शब्दच नाही." काकू म्हणाली, "नाही कसा? सकाळी वासरू काय मोडून परड्यात शिरलं?" ते वासरू हाकलायला हीच पोरं धावली होती. करवंदीच्या काट्या रोवून केलेलं ते कुंपण म्हणजे वई. शब्द मान्य झाला, कोश कुणी उघडला नाही. पुढच्याने 'ईडलिंबू' म्हटलं. (ऱ्हस्व-दीर्घ आम्ही भेंड्यांत सोडून देतो, नाहीतर डाव पुढे सरकत नाही.)

थोड्या वेळाने 'कारण' आला. 'ण' आला की 'न' घ्यायचा, हा आमच्याकडचा जुना नियम. पण नववीतल्या पुतणीने 'न' घेतलाच नाही. ती म्हणाली, "णत्व." अर्थ विचारला तर म्हणाली, "राम आणि अयन जोडताना 'न'चा 'ण' होतो, म्हणून रामायण. त्या 'ण' होण्याला णत्व म्हणतात." उत्तर बिनचूक होतं. तरी मी तो शब्द बाद केला. म्हटलं, असले शब्द घरात कोण बोलतं? ती गप्प बसली, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

कोशात आहे तो शब्द खरा, हा नियम दिसायला सोपा आहे. पण कोश कोणता? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत, पण ती प्रमाण धरली तर 'महापौर' बाद होतो, कारण तो सावरकरांनी विसाव्या शतकात घडवला. रिक्षाही गेली. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा, १९३२ ते १९३८ मधला. त्यात बोलींचे, जुन्या कवितेतले, व्यवसायांचे शब्द भरभरून आहेत. पण तो मांडीवर घेऊन बसलेला माणूस कुठलंही पान उघडून आपल्याला हरवेल, आणि त्या शब्दाशी त्याची ओळख त्याच क्षणाची असेल.

इंग्रजी स्क्रॅबलच्या स्पर्धांनी हा वाद ठरलेल्या यादीवर सोपवला आहे. यादीत असेल तर चालतो, अर्थ माहीत असण्याची अट नाही. म्हणूनच न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना, निव्वळ शब्द पाठ करून, २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. त्या स्मरणशक्तीला माझा मनापासून नमस्कार. पण पडवीतल्या खेळात मला तसं नको आहे. तिथे नवा शब्द आला की तो सगळ्यांना मिळावा.

म्हणून मला वाटतं, शब्द सांगणाऱ्याने अर्थ सांगावा आणि तो वाक्यात वापरून दाखवावा, एवढंच बघावं. विभक्तीची रूपं नकोत. घराला, घरातला, घरातल्यांना असं सुरू झालं तर एकट्या घरावर रात्र सरेल. जोडीतला निरर्थक अर्धा भागही नको. 'दगडधोंडा'मधला धोंडा सुटा उभा राहतो, पण 'शेजारीपाजारी'मधला पाजारी किंवा 'टंगळमंगळ'मधली टंगळ एकटी कुणाच्या बोलण्यात येत नाही. 'भंबेरी' मात्र मी घेईन. ती नेहमी उडतेच, दुसरं काही करत नाही, पण वाक्यात आपल्या पायावर उभी असते.

प्रतिसाद : आम्ही सांगलीकडचे जैन. आमच्या घरात 'ण'ला कुणी अडत नाही, लहान मूलही 'णमोकार' म्हणतं. कॉलेजात मैत्रिणींनी तो विशेषनाम म्हणून उडवला होता. तुमच्या नियमात बसतो का?

माझं उत्तर : बसतो, ताई. णमोकार म्हणजे मुळात नमस्कारच. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाचांना केलेला. 'रोज सकाळी णमोकार म्हणते' हे वाक्य तुमच्या घरात रोजचं आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? आणि विशेषनाम म्हणून अडवायचं तर दिवाळी आणि पाडवाही अडवावे लागतील. ते आजवर कुणी अडवल्याचं मला आठवत नाही.

तुमच्यामुळे माझी चूक नेमकी कळली. घरात कोण बोलतं, असं मी पुतणीला विचारलं, पण मी फक्त माझंच घर धरलं होतं. वई पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कोण बोलतं? तरी ती काकूच्या तोंडून आली म्हणून चालली. णत्व संस्कृतच्या वर्गात बोलतात, आणि पुतणी तिथे रोज बसते. काल तिला फोन करून सांगितलं की तो शब्द बरोबर होता, बाद करायला नको होता. 'ण'ला 'न' घ्यायची सवलत राहीलच, पण ज्याला 'ण' येतो त्याला तो घेऊ द्यायचा. 'ळ'वर मात्र मुभाच आहे. मराठीत त्याने शब्द सुरू होत नाही, तिथे 'ल'च घ्यायचा.