मदत हवी आहे: व्याजगणनेच्या युनिट टेस्टवर विसंबता येत नाही
सप्रेम नमस्कार. मी बेळगावात राहून निपाणी आणि खानापूर भागांतील पतसंस्थांसाठी ठेवखात्यांचे सॉफ्टवेअर लिहितो. मुदत ठेवीचे व्याज तपासणारी आमची युनिट टेस्ट (कोडचा एक छोटा भाग बरोबर चालतो का, हे आपोआप तपासणारा वेगळा कोड) ३१ मार्चपर्यंत पास होत होती आणि १ एप्रिलला, कोडची एक ओळही न बदलता, फेल झाली. कारण ते फंक्शन आजची तारीख थेट संगणकाच्या घड्याळातून घेत होते. आता तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून देतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला आहे.

खरी अडचण मॉकची, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्या भागाच्या जागी ठेवलेल्या आणि आलेले कॉल नोंदवणाऱ्या नकली भागांची आहे. बहुतेक टेस्टमध्ये कोणती मेथड (कोडमधले एकेक काम करणारे फंक्शन) किती वेळा कॉल झाली एवढेच तपासले असल्याने, एका मेथडचे दोन भाग केले की उत्तर बरोबर असूनही अनेक टेस्ट तुटतात. उलट वर्षाचे दिवस ३६५ ऐवजी ३६० केले, तरी एकही तुटत नाही. हे मी मुद्दाम करून पाहिले आणि धास्तावलो, कारण ती रक्कम शेवटी ठेवीदाराच्या पासबुकात छापली जाते.

या टेस्ट एकेक करून दुरुस्त कराव्यात, की १,००,००० रुपयांवर ९ टक्के दराने ७३ दिवसांचे सरळव्याज १,८०० रुपये (३६० दिवस धरल्यास १,८२५), अशी हाताने पडताळलेली उदाहरणे घेऊन नव्याने लिहाव्यात? नव्याने लिहिल्यास जुन्या टेस्ट केव्हा काढाव्यात? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.